‘गंजका पत्रा’ची नोंद

मिरजेच्या संगीतकोशाचं काम चाललं होतं आणि संपादक होते दाजीसाहेब बिवलकर. मुक्ता हेंद्रे त्यांच्याकडे आपल्या ‘गंजका पत्रा’ या पंक बँडची नोंद घ्या म्हणायला गेली. ही स्वतःच्या नावाची हौस नव्हती. बँडचा ड्रमर इरफान गेल्या वर्षी अपघातात गेला होता. त्याचं नाव कुठेतरी उरावं, एवढंच तिला वाटत होतं.

दाजीसाहेबांनी चारचौघांसमोर चष्मा सरसावला. “मिरजेच्या संगीतातलं मला ठाऊक नाही असं काही नाही. हे नाव मी कधी ऐकलेलं नाही. तेव्हा हा आरडाओरडा कोशात येणार नाही.”

मुक्ता नम्रपणे म्हणाली, “दाजी, तुम्हाला ठाऊक आहे तेवढंच छापायचं, तर त्याला कोश कशाला म्हणायचं? तुमचं आत्मचरित्र म्हणा की!”

मंडळी चपापली. पण सगळ्यांआधी दाजीसाहेबच खदखदून हसले. “बस पोरी. सांग, कोण कोण वाजवायचं?”

पहिलं नाव तिनं इरफानचं सांगितलं.

कोश निघाला तेव्हा इरफानची अम्मी त्या ओळीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. मुक्ता पेढे घेऊन दाजीसाहेबांकडे गेली.

“नोंद घेतली म्हणजे गाणं आवडलं, असं समजू नकोस हं!” ते म्हणाले.

“नका आवडून घेऊ, दाजी,” म्हणत ती त्यांच्या पाया पडली.