क्रुसामागची झावळी

फार मागे, समुद्राकाठच्या एका गावात, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली एक इवलीशी हिरवी झावळी कार्मेलीनने घरातल्या क्रुसामागे खोचली. मग वर्षभर तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. ती पिवळी पडली, वाळून कुरकुरीत झाली.

भिंतीवरची पाल रोज डिवचायची, "काय गं, तुझ्या बहिणींचे खराटे झाले, छपराचे झाप झाले. तुझं काय झालं? जळमटांचं घर!"

झावळीला रडू यायचं. मग ती हळूच म्हणायची, "देवा, मी कशासाठी आहे ते मला कळत नाही. तुला ठाऊक आहे ना? मग झालं तर."

उपासकाळ तोंडावर आला तेव्हा कार्मेलीनने तिला काढलं आणि चर्चच्या अंगणात, घरोघरच्या वाळक्या झावळ्यांच्या ढिगात ठेवलं. फादरनी काडी ओढली.

"देवा, हेच का रे?" असं विचारून झावळीने डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ती मऊ राख होऊन वाटीत पहुडली होती. उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादरनी तिला अंगठ्यावर घेतलं आणि कार्मेलीनच्या तान्हुलीच्या उबदार कपाळावर एक उभी, एक आडवी रेघ ओढली. बाळ झोपेतच हसलं.

वर्षभर क्रुसामागे राहिलेली झावळी आता स्वतःच क्रूस झाली होती.