सरीतून जाणारा कुत्रा

हिमालयाच्या कुशीतल्या शिलावती नगरात राजा भद्रसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या राजवाड्यात एका इवल्याशा कुत्र्याचा जन्म घेतला होता. त्याचं नाव तिलक. तो राणी ऋजुमतीच्या झग्याच्या बाहीत राहत असे.

तिथे थंडी कडक. राजस्त्रिया रुंद बाह्यांचे लोकरी झगे घालीत आणि प्रत्येकीच्या बाहीत एक कुत्रा असे. ही जात राजघराण्याबाहेर कुणाला पाळता येत नसे. दरबारात या कुत्र्यांना आसनं होती, एक-दोघांना तर अमात्याचा हुद्दाही होता, आणि खरं सांगायचं तर काही अमात्यांपेक्षा ते कामात कमी नव्हते. जितका कुत्रा लहान, तितकी राणी मोठी, असा सगळा न्याय. दर वसंतोत्सवात गळ्यातली सोन्याची गोल सरी राजासमोर उभी धरत आणि कुत्र्यांना तिच्यातून जायला लावत. ज्या राणीचा कुत्रा अंग न घासता पार होई, ती वर्षभर राजाच्या शेजारी बसे. तिलकमुळे ऋजुमती वर्षानुवर्षं तिथे बसत आली होती. त्या आसनाशिवाय आपण कोण, हे तिला आता सांगताही आलं नसतं.

पण एका वसंतात धाकट्या राणीचा कुत्राही सरीतून सुळकन गेला. राजा खूश झाला आणि म्हणाला, पुढच्या खेपेला राजकन्येची सरी धरू. राजकन्या अजून पाळण्यात होती. त्या सरीतून तिलक जाणार नाही, हे ऋजुमतीने ओळखलं. तिने लगेच श्वानशाळेचा अधिकारी पिंगल याला निरोप धाडला की तिलकपेक्षा लहान कुत्रा हवा, काहीही कर. तिने हा निरोप सांगितला तेव्हा तिलक बाहीतच होता.

तेव्हापासून तो जेमतेमच खाऊ लागला. एके सकाळी तो बाहीतून खाली उतरला आणि राणीच्या झग्याचं टोक दातांत धरून ओढू लागला. तिला गंमत वाटली. दासींना मागे ठेवून ती हसत हसत त्याच्यामागून निघाली. पाकशाळेच्या मागे श्वानशाळा होती. इतक्या वर्षांत तिचं तिथे एकदाही पाऊल पडलं नव्हतं.

आत शिरल्यावर तिला आधी नुसती मडकी दिसली, भिंतीला लागून ओळीने मांडलेली, अरुंद तोंडांची. मग लक्षात आलं की प्रत्येक तोंडातून एक डोकं वर आलं आहे आणि ती सगळी डोकी तिच्याकडे पाहत आहेत. भुंकत कुणीच नव्हतं.

पिंगल एका पिल्लाचं नाक अंगठ्याने दाबत होता, कुंभार ओल्या मातीची कड दाबतो तसं. राणीला पाहून तो अदबीने उठला. हे काय आहे, असं तिने विचारल्यावर त्याने सगळं सरळ सांगितलं. दूध सुटलं की पिल्लाला मडक्यात बसवायचं. तांदळाची दारू पाजायची, म्हणजे वाढ खुंटते. नाक रोज दाबायचं. अंग मडक्याएवढं झालं की मडकं फोडायचं. पुष्कळ मरतात, उरतात ती दरबारात येतात.

राणीने तिलककडे पाहिलं. तिलक झोपताना मागचे पाय कधी लांब करीत नसे, मुटकुळं करून पडे, आणि तिला ते फार गोड वाटे. तिने अंगठ्याने त्याचं नाक कुरवाळलं की तो डोळे घट्ट मिटून घेई. बघा कसा लाडात येतो, असं ती सगळ्यांना सांगे.

"हे कुणी करायला सांगितलं तुला?" तिने कसंबसं विचारलं.

पिंगल गोंधळला. "आपणच, देवी. आपला निरोप आला ना? हे बघा, त्यासाठीच घडवून घेतलंय."

त्याने एक कोरं मडकं पुढे केलं. ते बाकीच्यांहून बरंच लहान होतं. शेजारी गवतावर एक पिल्लू पाय ताणून जांभई देत होतं. त्याला आज आत बसवायचं होतं. या मापात आधी घातलेली जगली नाहीत म्हणून उशीर झाला, असं तो ओशाळून म्हणाला.  

तेवढ्यात तिलक त्या मडक्यापाशी गेला आणि तोंडातून आत शिरू लागला. खांदे अडकले, कातडी सोलली, रक्त आलं, तरी तो थांबेना. राणीने त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा तो जन्मात पहिल्यांदा माणसाच्या वाणीने बोलला.

"देवी, लहान कुत्राच हवा असेल तर मला पुन्हा आत घाला. मला सवय आहे. त्या पिल्लाला पाय लांब करता येतात, त्याला तसंच राहू द्या."

 राणीने ते कोरं मडकं उचलून जमिनीवर आपटलं. मग वरवंटा घेऊन, आतल्या जिवाला जपत, ती एकेक मडकं फोडत गेली. पिंगल आधी नुसता बघत राहिला, मग तोही तिच्या शेजारी बसून फोडू लागला. बाहेर काढलेली कितीतरी पिल्लं मडक्याच्याच आकाराची राहिली होती. त्यांना उभं राहता येईना.

पुढच्या वसंतोत्सवात ऋजुमती ते जांभई देणारं पिल्लू घेऊन दरबारात आली. ते आता बाहीत मावत नव्हतं, आपल्या पायांनी चालत आलं. राजकन्येच्या सरीत त्याचं नाकाडच अडकलं आणि दरबार हसला. तेव्हा तिने फोडलेल्या मडक्यांची खापरं राजासमोर ठेवली आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. आपला निरोपही लपवला नाही. हसू थांबलं. धाकट्या राणीने बाहीतला कुत्रा बाहेर काढला, त्याचे मागचे पाय चाचपून पाहिले आणि ती रडू लागली. राजाने सरी बराच वेळ हातात धरली, मग ती मुलीच्या पाळण्यात परत पाठवली आणि पुन्हा कधी मागवली नाही. ऋजुमतीही त्या आसनावर परत बसली नाही. पुढचं आयुष्य तिने श्वानशाळेत त्या वाकड्या जिवांची सेवा करण्यात घालवलं. तिलक तिच्या पायाशी मोकळा झोपे, पण पाय काही त्याला शेवटपर्यंत लांब करता आले नाहीत.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा आज या विहाराला जागा देणारा श्रेष्ठी मेघदत्त आहे. राणी ऋजुमती म्हणजे वाटेवरची जखमी जनावरं उचलून आणणारी भिक्षुणी सुवत्सा. पिंगल म्हणजे आपली भिक्षापात्रं घडवणारा कुंभार. त्याच्या हातून अरुंद तोंडाचं भांडं होत नाही, आणि का होत नाही हे त्याला ठाऊक नाही. तो कुत्रा मी होतो. आपण भोगलेलं दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ न देणं, हीच करुणा."