न वाळणारं दव

ऐका बाळांनो, थोरांनीही ऐका. फार फार वर्षांमागे काळ्या कातळावरच्या एका गावात भिवरा राहायची, तिची सासू राहायची, आणि पाळण्यात तिची तान्ही लेक राहायची.

लेकीचे डोळे आले होते. पापण्या चिकटायच्या आणि त्यांवर चिलटं बसायची. हाकलून हाकलून भिवराचा हात भरून यायचा. वैदू म्हणाला, "औषध देतो, पण चिलटं अशीच बसत राहिली तर या डोळ्यांना उजेड दिसायचा नाही."

भिवरा कातळावर चिलटं पळवणारा पाला शोधायला गेली. तिथे डबक्याकाठी बोटभर उंचीचं तांबडं झाड होतं. सूर्य डोक्यावर आला तरी त्याच्या पानांवरचं दव वाळलं नव्हतं. एक चिलट त्या दवावर टेकलं, ते पुन्हा उठलंच नाही. पान हळूहळू मिटलं, झोपलेल्या बाळाची मूठ मिटावी तसं.

भिवराच्या अंगावर काटा आला. तरी तिने ते मातीसकट उचललं, भोक पाडलेल्या करवंटीत लावलं आणि पाळण्यापाशी ठेवलं.

चिलटं कमी झाली. पानांवर नुसते पंख उरायचे. आवाज म्हणून नाही. आठ दिवसांनी भिवरा बघते तर काय, सगळं झाड पाळण्याकडे वाकलेलं!

सासू कुजबुजली, "अगं, चिलटांनी त्याचं पोट भरेना. नजर पोरीवर गेली त्याची. कातळाचा राखणदार असणार तो. राखण दे त्याला, नैवेद्य वाढ."

त्या गावात राखणदाराला कुणी उपाशी ठेवत नसे. भिवराने दूधभात वाढला, शेणखत घातलं, विहिरीचं पाणी ओतलं. हात जोडून म्हणाली, "पोटभर खा बाबा, पण माझ्या लेकीला सोड."

तिसऱ्या दिवशी दव आटलं. पानं काळी पडली. आंबलेल्या भाताच्या वासाने चिलटांचे थवे आले आणि पोरीच्या डोळ्यांवर बसले.

भिवराचं रडणं ऐकून वाटेने चाललेली म्हातारी धनगरीण दारात थांबली. करवंटी बघून तिने कपाळावर हात मारला.

"अगं येडे, वाघाला कुणी खीर वाढतं का? उपाशी दगडावरचं झाड ते, आपल्यापुरती चिलटं आपणच धरतं. त्याला पावसाचं पाणी दे अन् ऊन दे, बास."

"पण आजी, ते पाळण्याकडे वाकत होतं!"

"अन् पाळण्यामागं काय आहे?"

भिवराने वळून पाहिलं. खिडकी होती, उजेड तिथूनच येत होता.

सासू पुटपुटली, "मला मेलीला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं, आत्याबाई, पण वाढलं मी."

भिवराने पागोळ्यांच्या पाण्याने मुळं धुतली, कातळावरची निकस रेती भरली आणि करवंटी खिडकीत, पाण्याच्या ताटलीत ठेवली. दोघी सासवासुना पाळीपाळीने पदराने चिलटं वारत बसल्या.

पंधरवड्याने काळ्या पानांतून एक कोवळं पान उलगडलं. त्यावर थेंब चमकला. आणि एका सकाळी पोरीने टक्क डोळे उघडले, त्या थेंबाकडे बघितलं आणि खुदकन हसली.

त्या घरात जसा उजेड आला, तसा ऐकणाऱ्यांच्या घरीही येवो.

भीतीने वाढलेल्या ताटाने कुणाचंच भलं होत नाही; आधी समोरच्याची भूक ओळखावी.