राजाच्या पोटातले तीन रक्षक

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांच्या भाषेत भांडत आणि झाडं ते निमूट ऐकून घेत, तिथे तुंगकेतू नावाचा राजा राज्य करी. राजा शूर, न्यायी आणि हाताचा सढळ. पण त्याच्या कुळाची एक रीत मात्र जगावेगळी होती. राजघराण्यातल्या माणसाचा जबडा हलताना प्रजेने पाहू नये! चावणं हे गुराढोरांचं काम. राजाने घास घ्यावा, गिळावा आणि चेहऱ्यावरची रेषही हलू देऊ नये. त्या घराण्यात दात होते, पण ते हसण्यापुरते.

एकदा धूम्रा नावाची मायाविनी दरबारात आली. डोंगरमाथ्यावर मंत्र म्हणत पिकवलेल्या नाचणीची भाकरी तिने राजासमोर ठेवली. राजाने रीतीप्रमाणे तुकडा अख्खा गिळला आणि म्हणाला, "छान आहे."

"राजा, चव न घेताच छान म्हणालास," धूम्रा म्हणाली. "तर ऐक. ज्या अन्नाला तू दात लावणार नाहीस, ते अन्न तुझं होणार नाही." एवढं बोलून ती धूर झाली आणि गवाक्षातून निघून गेली.

त्या दिवसापासून राजाने खाल्लेलं त्याच्या अंगी लागेना. पोट दगडासारखं जड आणि हातापायांच्या काड्या. भूक तर मेलीच. वैद्य येत, काढे पाजत आणि मान हलवत परत जात. राजकन्या शाल्मली बापाच्या उशाशी बसून राही. आईमागे याच बापाने तिला वाढवलं होतं. त्याला असं झिजताना पाहून तिचा जीव तुटे.

एका सकाळी गवाक्षात एक पारवा येऊन बसला.

"राजकन्ये," तो म्हणाला, "मला दात नाहीत, म्हणून मी खडे गिळतो आणि पोटात दाणे दळतो. तुम्हाला दात असून ही दशा! उपाय राजाच्या पोटातच आहे. जाशील?"

"जाईन."

"भीती वाटेल."

"वाटू दे. तरी जाईन."

पारव्याने आपलं एक पीस तिच्या कपाळाला लावलं, आणि शाल्मली तिळाएवढी झाली. राजा पेज घेत होता. त्या घोटाबरोबर ती आत गेली आणि एका दाताला घट्ट धरून थांबली.

तिथे लाळवती नावाची यक्षिणी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी झरे वाहत होते. "पिढ्यान्‌पिढ्या माझ्यापाशी कुणी थांबलेलं नाही," ती रुसून म्हणाली. "पुढे जायचं असेल तर गूळ-साखर न घालता पेजेतला हा भात गोड करून दाखव."

शाल्मलीने शिताचा कण तोंडात टाकला. पोरीला चावणं कुठे ठाऊक होतं? पहिल्याच फटक्याला तिने स्वतःची जीभ चावली. मग हळूहळू जमलं. चावता चावता झऱ्याचं पाणी कणात मुरलं आणि तो पिठूळ कण चक्क गोड लागू लागला. एवढी मोठी जादू आपल्याच तोंडात, आणि आपल्याला तिचा पत्ता नाही! तिला स्वतःचंच हसू आलं. यक्षिणीचा रुसवाही गेला. तिने वाट दिली.

पुढे एक अरुंद नळी होती. तिच्या भिंती आवळत आणि सैल होत तिला पुढे ढकलत होत्या. राजाला उलटं टांगलं असतं, तरी तिथला घास पोटातच पोचला असता.

नळीच्या टोकाशी जठरासुर एका तळ्याकाठी उभा होता. तळं जहाल आंबट. त्यात शापाने दगड झालेले अख्खे घास पडले होते, आणि ते घुसळून घुसळून असुर दमला होता.

"या पाण्यात मांस विरघळतं," तो गरजला. "अंगाला चरका न लागता पार हो."

शाल्मली विचारात पडली. मांस विरघळतं, मग या भिंती कशा टिकल्या? तिने भिंतीला बोट लावून पाहिलं. तिथे बुळबुळीत लेप होता. तिने तोच अंगभर फासला आणि तळ्यात उडी घेतली. पलीकडे निघाली तेव्हा केसालाही धक्का नव्हता.

"शाबास!" असुर म्हणाला. "हा लेप मी सारखा नवा करतो. नाहीतर मी मलाच खाऊन टाकीन."

तिथून वेटोळ्यांची एक लांबच लांब गल्ली लागली. तिच्या भिंतींना मखमल होती, आणि मखमलीचा प्रत्येक धागा म्हणजे एक इवलं बोट होतं. दाराशी हिरव्या वस्त्रातली पित्तला उभी होती. तिने तुपाचा गोळा पुढे केला. "हा या बोटांच्या हाती दे."

गोळा कुठल्याच बोटात मावेना. शाल्मली म्हणाली, "बाई, तुमच्यातलं ओंजळभर हिरवं पाणी द्या." ते पाणी तिने गोळ्यावर ओतलं आणि घुसळत राहिली. तूप फुटलं, त्याचे बारीक बारीक थेंब झाले. शेजारून आणखी एक पाचक झरा येऊन मिळाला, त्याने ते थेंबही मोडले, आणि बोटांनी ते अलगद टिपून आत घेतले. तिथून ते सगळ्या देहाच्या वाटेला लागले. हाडं, केस, डोळ्यांतलं तेज, सगळ्यांचा वाटा इथूनच जातो! कुणी हुकूम देत नाही, कुणी पाठ थोपटत नाही, तरी ही माणसं अखंड राबतात. शाल्मलीने नकळत हात जोडले.

पित्तला म्हणाली, "आम्ही तिघंही जागे आहोत, पण शापलेला घास आम्हाला फुटत नाही. शाप दातांशी बांधला आहे, सुटेल तोही तिथेच. ज्यांनी पाहू नये म्हणून राजाने जबडा आवळला, त्यांच्यासमोर त्याला चावू दे."

शाल्मली उलट पावली जठरापर्यंत आली. असुराने तिला उचलून वर फुंकलं, राजाला सणसणीत ढेकर आली, आणि राजकन्या बाहेर पडून होती तेवढी झाली. त्या घराण्यात ढेकरही निषिद्ध होती, पण तेव्हा ते आठवायला कुणाला सवड होती?

दरबार भरला. राजाला पालखीतून आणलं. शाल्मलीने सारं सांगितलं, पण राजाने मान फिरवली. "कुळाची रीत मोडून जगू? पूर्वजांना काय तोंड दाखवू?"

शाल्मलीने नाचणीची भाकरी मागवली, भर दरबारात मांडी घातली आणि तुकडा मोडून चावू लागली. सरदारांनी माना खाली घातल्या. प्रधानजींना एकाएकी छताची नक्षी फार आवडली.

"आबासाहेब," घास संपवून ती म्हणाली, "तुमच्या आत जे राबतात, त्यांना मी भेटून आले. त्यांना कुळ ठाऊक नाही, रीत ठाऊक नाही. ते फक्त तुम्हाला जगवायला बसलेत. आणि मला तुमच्यावाचून कोण आहे?"

राजाने तुकडा तोंडात घेतला. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. राजा चावत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "अगं, ही तर गोड आहे," तो म्हणाला.

गवाक्षातून धुराची एक रेघ आत आली, राजाभोवती फिरली आणि विरून गेली. शाप सुटला. पोटातले दगड विरघळले, देहाच्या वाटा वाहत्या झाल्या, राज्याचा कारभार रुळावर आला. राजघराण्याची पंगत आता सर्वांदेखत बसते आणि सर्वांत शेवटी उठते.

पण शाल्मलीला विचाराल, तर तिच्या लेखी शाप सुटला तो दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी. ती कोठीघरात होती. बाहेरून बापाची हाक आली, "शाल्मली, जेवायला वाढ गं. भूक लागली." ती ताट घ्यायला वळली, आणि तिथेच भिंतीला टेकून हुंदके देऊन रडली.