नवरीचा उजेड चोरणारा

कॅमेऱ्यांना अजून वाचा होती, त्या दिवसांतली गोष्ट. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या शालनताईच्या कॅमेऱ्यात एक मीटर राहायचा. उजेड मोजायचा आणि लेन्सला हुकूम सोडायचा, हे त्याचं काम. स्वभावाने मात्र महासंशयी.

एका लग्नात पांढऱ्या फेट्याचा पाहुणा समोरून गेला, की मागे बसलेल्या नवरीचा चेहरा चित्रात काळवंडायचा. "हे फेटेवालेच तिचा उजेड चोरतात," मीटर फणफणला. "अगं लेन्स, आला बघ आणखी एक! केवढा लखलखाट! डोळा बारीक कर, उजेड कमी घे!" लेन्सने मुकाट्याने केला. नवरी पुन्हा काळवंडली.

शालनताईने ते पाहिलं. तिने नवरीच्या चेहऱ्यापुरता उजेड जुळवला आणि चकती मॅन्युअलवर फिरवली. आता मीटरने कितीही बोंब मारली तरी त्याचा हुकूम चालेना. "ताईलाही चोरांनी फितवलंय!" तो पुटपुटला.

तेवढ्यात वराकडची पंधरा फेटेवाली मंडळी समोरून गेली. मीटर डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. नवरीचा चेहरा तसाच उजळ.

"चोर कुठे गेला गं?" त्याने हळूच विचारलं.

"ताईने त्याला आज सुट्टी दिलीय," लेन्स म्हणाली.