बिनलोळ्याची घंटा

गोव्याच्या किनाऱ्यावर, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, खारेबांध नावाचे गाव आहे. इनासबाबांचे पाय या मातीला लागले, हे त्या गावाचे भाग्य! बाबा मठातले संन्यासी पाद्री. सकाळी कोळणी त्यांच्या झग्याची कड डोळ्यांना लावत आणि मगच टोपली उचलत. वादळ उठले की बाबा मठाची घंटा वाजवत आणि तिच्या आवाजाच्या रोखाने होड्या खडक चुकवून घरी येत.

तिकडे पोर्तुगालात क्रांती झाली, राज्य उलटले. करणारे तिकडचे आणि भोगणारे आमचे! हुकूम सुटला : मठ बंद करा, संन्याशांचे झगे उतरवा, चीजवस्तू जप्त करा. आणि हुकूम घेऊन आला कोण? दुआर्त अंमलदार! याच गावचा, बाबांच्याच हातून बाप्तिस्मा झालेला.

अंजेलीन कोळीण तेव्हा मठाच्या दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत त्याने म्हाताऱ्या बाबांच्या अंगावरून झगा ओढून काढला. बाबा नुसत्या सदऱ्यावर उभे राहिले. अंजेलीनच्या अंगाची लाही लाही झाली.

"मेल्या, हात कसे झडले नाहीत तुझे?"

दुआर्त हसला. "झगा गेला, संतपण गेलं! आता कशाची कड डोळ्यांना लावशील गं?"

घंटा जड, खाली उतरेना. म्हणून त्याने तिच्या आतला, टोल देणारा लोळाच काढून घेतला, झग्यासकट होडीत टाकला आणि निघाला.

तो खाडीबाहेर पडतो न पडतो तोच वादळ उठले. समोरचे काही दिसेना. अंजेलीनचा नवरा पास्कू मासे धरायला गेलेला, अजून परतला नव्हता. ती घंटेखाली धावली, दोर ओढ ओढ ओढला. घंटा मुकी!

"बाबा, माझा पास्कू!" ती ओरडली. "आणि तो दुआर्त? तो बुडू दे! खडकावर फुटू दे त्याची होडी!"

बाबा म्हणाले, "राग मलाही आलाय, पोरी. पण घंटा काय माणूस बघून वाजते?"

त्यांनी दोर हाती घेतला. "देवा, तुझी लेकरं बाहेर आहेत," एवढेच म्हणाले आणि ओढला.

काय सांगावे! घंटा वाजली! लोळा नाही, काही नाही, आणि खाडीभर टोल घुमू लागले. पास्कूची होडी त्या रोखाने आत आली. अंजेलीन किनाऱ्यावर धावली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. मागोमाग दुसरी होडी लागली. दुआर्त उतरला तो पांढराफटक, दोन्ही हातांत लोळा घट्ट धरलेला. झगा लाटेने केव्हाच नेला होता.

"हा माझ्या पायाशी होता," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "हा माझ्या पायाशी होता, आणि घंटा वाजत होती!"

दोर सोडून बाबा चिखलातून किनाऱ्यावर आले, तसा तो त्यांच्यापुढे कोसळला. लहानपणची सवय, हात आपसूक झग्याची कड धरायला गेला. तो चाचपत राहिला.

"काय शोधतोस?" अंजेलीन कडाडली. "कड? तूच ओढून काढलीस ना!"

दुआर्तचा हात तिथेच थबकला. मग त्याने बाबांच्या चिखलाने भरलेल्या अनवाणी पायांवर कपाळ टेकले, आणि बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.