लिंबू कुणाच्या दारी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती घडली तेव्हा हजर असलेलं कुणी आता सापडायचं नाही. आणि सापडलं तरी कबूल करायचं नाही. का, ते पुढं कळेलच.

डोंगरांच्या कुशीत एक चिमुकला प्रांत होता. मधोमध मोठं तळं, तळ्याला दगडी बांध, आणि बांधाच्या खाली घरं, शेतं, गोठे. राजा फार लांब राहायचा. तो शहाणा होता, निदान आळशी तरी नक्की होता. "तुमचा सुभेदार तुमचा तुम्हीच निवडा, माझ्या डोक्याला ताप नको," असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

निवडायची रीत मात्र मोठी मजेची होती. चावडीपुढं दोन सारख्या उंचीचे ओटे होते, एकेका उमेदवाराला एकेक. प्रत्येक घरानं आपल्या शेतातला, एका हातात मावेल एवढा एक दगड आणायचा आणि आवडत्या माणसाच्या ओट्यावर रचायचा. दिवस कलला की दोन्ही ढिगांच्या माथ्यावर उभा चिरलेला लांब बांबू आडवा ठेवायचा, पन्हळीसारखा. त्या पन्हळीत बरोबर मधोमध एक लिंबू ठेवायचं. लिंबू घरंगळत ज्याच्याकडं जाईल त्याचा ढीग खालचा, म्हणजे तो हरला. त्यानं ते लिंबू उचलून घरी जायचं. जिंकलेल्याच्या दगडांची सुभेदाराची बैठक बांधत, आणि हरलेल्याचे दगड पोरं ओढ्यात भिरकावत.

सरळ दगडच का मोजत नव्हते, असं विचाराल. मोजणाऱ्यावर कुणाचा विश्वास नव्हता हो! लिंबाला ना भाऊ ना मेव्हणा, म्हणून न्याय लिंबाकडं.

त्या वर्षी एका बाजूला होता हैबती. माणूस कष्टाळू, मनानं मोकळा. पाणी आटलं तेव्हा त्यानं आपली विहीर साऱ्यांना खुली केली होती. पण त्याच्या काळजात एक काटा होता. त्याचा बाप पूर्वी एकदा उभा राहिला होता आणि अगदी थोडक्यात हरला होता. त्या दिवशी लिंबू घेऊन घरी गेलेला बाप पुन्हा कधी चावडीवर आला नाही. तेव्हापासून त्या घराला नाव पडलं, लिंबूवाले. हैबतीच्या लग्नात, पोरीच्या बारशात, भर बाजारात, जिथं तिथं तेच. "कोण हैबती? तो लिंबूवाल्यांचा का?"

लोक हसून म्हणायचे, वाईट मनात नसायचं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एकदा सुभेदार व्हायचं आणि घराचं हे नाव पुसायचं, एवढं एकच हैबतीनं धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या बाजूला होती गोदाक्का. बांधाच्या अगदी खाली तिचं घर. जिभेला धार, पण तापाची साथ आली तेव्हा घरोघर काढा घेऊन हीच फिरली होती. ज्यानं प्यायला तोंड वाकडं केलं त्याचं नाक दाबून तिनं पाजला होता.

आता तुम्हीच सांगा, निवडायचं कुणाला? एक चांगला आणि एक वाईट असता तर काम सोपं होतं. दोघंही चांगले म्हटल्यावर घराघरात भांडणं लागली. नवरा हैबतीचा, तर बायको गोदाक्काची. कित्येक घरांतला दगड तर दुपारपर्यंत उंबऱ्यावरच पडून होता, कारण तो उचलायचा कुणी यावरच जुंपली होती.

निवडीच्या दिवशी दोन्ही ढीग असे काही बरोबरीनं चढत गेले, की बघणाऱ्यांच्या माना दुखायला लागल्या. जेवणवेळेला चावडीपुढली गर्दी जरा पांगली. हैबती आपल्या ओट्याशी उभा होता. तेवढ्यात त्याचा मेव्हणा रंगोबा धोतराच्या सोग्याखाली काहीतरी लपवत आला आणि त्यानं ढिगावर एक दगड अलगद ठेवला.

हैबतीची नजर त्या दगडावर गेली. एका अंगाला पांढरा चुना, दुसऱ्या अंगाला हिरवं शेवाळ. शेतातल्या दगडाला कुठलं आलंय शेवाळ?

"रंगोबा, हा तळ्याच्या बांधाचा दगड आहे," तो हळूच म्हणाला.

"हळू बोला, दाजी!" रंगोबानं इकडं तिकडं पाहिलं. "घडीव आहे, शेतातल्या दगडापेक्षा उंच भरतो. एवढा मोठा बांध. एका दगडानं काय होतंय?"

हैबती त्याला खडसावणार, एवढ्यात पलीकडून कुणीतरी हसत ओरडलं, "बघा रे, लिंबूवाल्याच्या घरी आज आणखी एक लिंबू जातंय!" चारचौघं फिदीफिदी हसली. हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं उघडलेलं तोंड मिटलं, आणि तो दगड तसाच ढिगावर राहिला.

दिवस कलला. ज्योत्याजीबाबा हे प्रांतातलं सगळ्यांत वयस्क माणूस. त्यांनी पन्हळीत लिंबू ठेवलं. सगळ्यांनी श्वास रोखले. लिंबू जरा थबकलं, जरा हललं, मग सावकाश, अगदी सावकाश, गोदाक्काच्या बाजूला घरंगळलं.

काय तो जल्लोष! ढोल वाजले, गुलाल उडाला. लोकांनी हैबतीला खांद्यावर उचललं. गोदाक्कानं लिंबू उचललं, कमरेला खोचलं आणि म्हणाली, "चला, लोणच्याला झालं." डोळे भरले होते, पण ती कुणाला दिसू देईल तर शपथ! तशीच घराकडं चालू लागली.

खांद्यावरच्या माणसाला लांबचं दिसतं. गर्दीच्या डोक्यांवरून हैबतीला तळ्याचा बांध दिसला. बांधाच्या बाहेरच्या अंगाला एक काळपट ओला पट्टा उतरला होता. पाणी कुठून पाझरतंय आणि कशामुळं, हे त्याला एका क्षणात कळलं.

ओरडावं? मग लोक विचारणार, बांधाचा दगड गेला कुठं? मग ढीग मोडणार, जिंकलेलं हातचं जाणार. उद्या राजाचा माणूस ढीग बघायला येईल, उद्याच सुभेदारकीची वस्त्रं मिळतील. 'वस्त्रं मिळाली की पहिलं काम बांधाचंच करू,' हैबतीनं मनाला समजावलं. 'एका रात्रीनं काय होतंय?'

बघा, मेव्हण्याचंच वाक्य. दगडाच्या जागी रात्र आली, एवढंच.

आणि तेवढ्यात बांधाच्या बाजूनं आरोळी आली. "बांध पाझरतोय! धावा रे धावा! दगड आणा!"

गोदाक्का परत पळत येत होती. पदर खोचलेला, पाय चिखलानं भरलेले. तिकडं पोरं रीतीप्रमाणं तिच्या ढिगाचे दगड ओढ्यात भिरकावायला लागली होती. "ए टाकू नका, मेल्यांनो! माझेच दगड घ्या! हरलेले असले तरी दगडच आहेत ते!" असं म्हणत तिनं आपल्या ढिगातला पहिला दगड उचलला आणि उलट्या पावली बांधाकडं धावली.

तिचे लोक तिच्यामागं धावले. पण एका ढिगानं काही भागेना. भोक मोठं होत चाललं. सगळ्यांची नजर हैबतीच्या ढिगाकडं वळली.

"खबरदार!" रंगोबा आडवा आला. "आपला ढीग मोडला तर उद्या राजाच्या माणसाला दाखवणार काय? दाजी, सांगा यांना!"

हैबती खांद्यावर होता. समोर बांध, अंगावर गुलाल. त्याला बाप आठवला. लिंबू घेऊन मान खाली घालून गेलेला, पण कुणाचं घर बुडवून न गेलेला. हैबतीनं खांद्यावरून खाली उडी मारली, रंगोबाला बाजूला सारलं आणि ढिगाच्या माथ्यावरचा तोच शेवाळलेला दगड उचलला.

"हा बांधाचाच आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दुपारी मी पाहिला होता. पाहून गप्प बसलो. आता दगड घ्या आणि पळा!"

माणसांची रांग लागली. हातोहात दगड बांधाकडं जाऊ लागले. आणि मग एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण हसू कुणाला येईना. हैबतीच्या ढिगातून एक हिरवा दगड निघाला, मग दुसरा, मग आणखी. गोदाक्काच्या ढिगातलेही असे किती हिरवे दगड बांधावर येऊन पडले होते! प्रत्येक जण आपापला दगड ओळखत होता आणि दुसरीकडं बघत होता.

"मला वाटलं, मी एकटाच नेतोय," एक जण पुटपुटला.

"मलाही," दुसरा म्हणाला.

"शहाण्यांनो!" गोदाक्का गुडघाभर चिखलातून कडाडली. "सगळे एकटेच होतात! त्यात माझेही बहाद्दर होते, बघतेच त्यांच्याकडं उद्या. आधी इकडं दगड द्या!"

दिवेलागणीपर्यंत भोक बुजलं. पाझर थांबला. हैबती आणि गोदाक्का बांधावर शेजारी शेजारी बसले, दोघंही इतके चिखलानं माखलेले की कोण जिंकला आणि कोण हरली हे सांगता येऊ नये.

"आता सुभेदार कोण?" कुणीतरी विचारलं. "ढीग तर दोन्ही गेले."

"लिंबू गोदाक्काकडं गेलं होतं, सगळ्यांनी पाहिलंय," रंगोबा अजूनही हटेना.

हैबतीनं मान हलवली. "लिंबानं खरंच सांगितलं, रंगोबा. खोटे दगड आपले होते. उद्या पुन्हा निवड करा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटे सजले. या खेपेला प्रत्येक जण हात वर करून आपला दगड दाखवायचा, कुठल्या शेतातला ते सांगायचा, मग रचायचा. राजाचा माणूसही येऊन बसला होता. ज्योत्याजीबाबांनी लिंबू ठेवलं आणि लोकांचे डोळे विस्फारले. लिंबू हलेना! पन्हळीत मधोमध असं बसलं, जसं काही मुक्कामालाच आलंय.

"कुणाचा दगड राहिलाय का?" बाबांनी विचारलं.

राहिला होता. हैबतीचाच. तो पहाटेपासून बांधाची ओल बघत बसला होता, तो आत्ता येत होता. हातात बापाच्या शेतातला दगड होता.

गर्दी आपोआप बाजूला झाली. त्या एका दगडावर सगळं येऊन ठेपलं होतं. ठेवायचा आपल्या ढिगावर, की झाला सुभेदार. यात खोटं काही नव्हतं. रीतच तशी होती.

"ठेव, हैबती, लाजू नकोस," गोदाक्का म्हणाली. "मी माझा दगड माझ्याच ढिगावर ठेवलाय. मला नाही बाई लाज वाटली."

लोक हसले. हैबतीही हसला. आपल्या ढिगापाशी आला, थांबला, दगड हातात फिरवला. किती वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती त्यानं! मग तो चालत पलीकडं गेला आणि त्यानं दगड गोदाक्काच्या ढिगावर ठेवला.

"दाजी! वेड लागलं का काय?" रंगोबा किंचाळला.

"काल मी खांद्यावर होतो," हैबती म्हणाला. "बांधाची ओल मला आधी दिसली. मी गप्प राहिलो. अक्काला नंतर दिसली, तीही हरून घरी जाताना. आणि ती ओरडली. आपल्याला सुभेदार कसला हवा, जिंकलेलं सांभाळत गप्प बसणारा की हरल्यावरही ओरडणारा? उद्याचा मी कदाचित वेगळा असेन. पण माझा आजचा दगड अक्काला."

बाबांनी पन्हळ सारखी केली. लिंबू हललं आणि सावकाश घरंगळत हैबतीच्या पुढ्यात येऊन थांबलं. कुणी ढोल वाजवला नाही, कुणी हसलं नाही. हैबतीनं ते उचललं. बापासारखी मान खाली घालून जायची वेळ आली होती, पण मान काही खाली जाईना. बायकोकडं वळून तो म्हणाला, "साळू, घरात गूळ आहे का? सरबत कर. तळ्याचं पाणी वाचलंय, साऱ्यांना पाजू."

"अरे, एवढा मोठा प्रांत," गोदाक्का म्हणाली. "एका लिंबानं काय होतंय?"

म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर चपापली. मग कालचं लिंबू तिनं कमरेचं काढून हैबतीच्या हातावर ठेवलं. ते बघून एक जण घरी पळाला आणि आपल्या परसातलं एक लिंबू घेऊन आला. मग दुसरा. मग घराघरातून एकेक लिंबू येऊ लागलं. काल ज्यांनी एकेक दगड चोरला होता त्यांनी तर दोन दोन आणली. रंगोबानं टोपलीभर आणली, यावरून काय ते समजून घ्या. हंडेच्या हंडे सरबत झालं, आणि राजाचा माणूस तर इतकं प्यायला की त्याला तिथंच मुक्काम करावा लागला.

सुभेदार झाल्यावर गोदाक्कानं पहिला हुकूम काढला तो असा: यापुढं सुभेदाराला बैठक नको, साधी घोंगडी पुरे. जिंकलेल्याचे आणि हरलेल्याचे, दोन्ही ढिगांचे दगड बांधावर चढवायचे. त्यामुळं दर निवडीला बांध उंच होत गेला. हैबतीच्या घराचं लिंबूवाले हे नाव काही पुसलं गेलं नाही. पण आता कुठं तंटा झाला की लोक म्हणायचे, "चला, लिंबूवाल्यांना विचारू." आणि ती हाक ऐकली की हैबती उठून पागोटं बांधायचा.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जिंकण्यासाठी सगळ्यांच्या बांधाचा दगड काढू नये, आणि हरलो म्हणून आपला दगड मागं ठेवू नये.